कोणीच न घातलेला काळा

सिंगापूरमधल्या आमच्या मंडळाच्या गणपतीचा रौप्यमहोत्सव जवळ आला होता आणि माझ्या लेकीने मंडळात यायचंच बंद केलं होतं. "बोअरिंग लाह, आई," इथल्या पोरांसारखं शेवटी लाह लावून दिलेलं एवढंच कारण. शाळेच्या पाइप बँडमध्ये ती बॅगपाइप वाजवते. बरीच वादावादी झाल्यावर तीच म्हणाली, मी आणि माझ्या मैत्रिणी बाप्पाच्या स्वागताला वाजवू, पण किल्ट, म्हणजे तो स्कॉटिश चौकडीचा घागरा, घालून. तोही शाळेचा नाही, मंडळाचा स्वतःचा. नाहीतर मी घरीच. मी लगेच हो म्हटलं. पोरगी देवापुढे उभी राहणार असेल तर मला घागरा काय आणि किल्ट काय, सारखंच.

किल्टचं चौकडीचं कापड, म्हणजे टार्टन, प्रत्येक घराण्याचं, प्रत्येक बँडचं वेगळं असतं. आमचं ठरवायचं काम माझ्याकडे आलं. कॉलेजात मी कापडाचं डिझाइन शिकले होते. आता बँकेत स्प्रेडशीटचे चौकोन भरते, तेव्हा चौकोनांशी नातं काही तुटलेलं नव्हतं. मंडळातल्या सर्वांत ज्येष्ठ काकूंनी संमती दिली, पण बजावून. "कर तुला काय करायचं ते. फक्त देवाच्या कामात काळा नको हं."

काळा कशाला घालते मी! हळदीचा पिवळा आणि कुंकवाचा लाल घेऊन मोठ्या हौसेने चौकडी मांडली. लेकीने एक नजर टाकली. "टेबलक्लॉथ लाह, आई." राग आला, कारण खरंच टेबलक्लॉथ होता. मग दूर्वांचा गडद हिरवा आणला, लालाइतकाच रुंद, मधून हळदीची बारीक रेघ, आणि नमुना विणायला स्कॉटलंडला पाठवला.

नमुना आल्यावर आम्ही दोघी तडक काकूंच्या फ्लॅटवर गेलो. पाकीट तिथेच उघडलं आणि काकूंचा चेहरा उतरला. लाल आणि हिरवे पट्टे जिथे एकमेकांना छेदत होते, तिथे ठसठशीत काळे चौकोन उमटले होते.

"एवढं सांगितलं होतं तुला," काकू म्हणाल्या. "हे नाही चालायचं देवापुढे."

लेक उठली आणि दाराशी जाऊन बूट घालायला लागली. विणणाऱ्यांनी चूक केली असणार, म्हणून काकूंचं पोथी वाचायचं भिंग उचललं आणि कापड खिडकीशी नेलं.

काळा नव्हताच. एक तिरकी रेघ लाल, तिच्याशेजारी एक हिरवी, पुन्हा लाल. भिंग लावलं की कुंकू आणि दूर्वा, भिंग काढलं की काळा. अंगावर सर्रकन काटा आला. हे मी कधीकाळी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते, पण डोळ्यांनी आज पाहत होते.

"इकडे ये," मी लेकीला हाक मारली. एका पायात बूट घालून ती आली. भिंगातून बराच वेळ बघत राहिली. मग कापड घेऊन काकूंच्या पायाशी बसली आणि चक्क मराठीत बोलली.

"काकू, ब्लॅक नाहीये. रेड आणि ग्रीन भेटले ना, म्हणून तसं दिसतं."

काकूंनी भिंग डोळ्याला लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"मग हा काळा घातला कोणी?"

"कोणीच नाही."

काकूंनी भिंग खाली ठेवलं, कापड कपाळाला लावलं आणि हात जोडले. आम्हीही जोडले. लेकीनेसुद्धा, कोणी न सांगता.

स्वागताच्या दिवशी तिने पाइपवर आरतीची चाल धरली, तेव्हा ढोलवाले वाजवायचे थांबून ऐकत राहिले. मला सूर ऐकू येत होते आणि दिसत काहीच नव्हतं, डोळे इतके भरले होते. आरती झाल्यावर ती प्रसाद खात खात माझ्याकडे आली आणि किल्टची कड ओढून म्हणाली, "नेक्स्ट इयर हा मला शॉर्ट होईल, आई. कापड उरलंय ना?"

"उरलंय," मी म्हटलं.