बाजूवालीले विचारा

नागपुरात नदीकाठच्या जुन्या पुलापाशी सुशोभीकरणवाल्यांनी बाजाराच्या इतिहासाचा फलक लावला आहे. त्यात राजा आहे, हत्ती आहे, पुलाचे दगड कुठून आले तेही आहे. भाजी विकणारी बाई एकही नाही. बाजार बहुधा हत्तींनीच भरवला.

खरा इतिहास मी सांगते. सावनेरकडून भाजीच्या बैलबंड्या यायच्या, कामठीहून लुगडी. पूल चढण्याआधी बैल सोडायला काठावर जागा होती, तिथेच विक्री सुरू झाली. तेव्हा नदीत पाणी होतं. आता जे वाहतं त्याला नदी म्हणायला सरकारी पगार लागतो.

आधी आजी बसायची, आता आई बसते, पालक आणि सांबार घेऊन. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. या बाजारात जागेचा कागद नसतो, रीत असते. आपली जागा आपण सांगायची नाही, शेजारणीने सांगायची. स्वतःच ‘ही माझी’ म्हणते ती घुसखोर.

फलक लागल्यावर त्याच्या फोटोत बायका येऊ लागल्या. सौंदर्य बिघडलं. मग नवे ओटे बांधायचं ठरलं, आणि त्यासाठी सुनावणी. जिची जागा सिद्ध होईल तिला ओटा, बाकीच्यांनी घरी जावं.

सुनावणीच्या साहेबांनी कचेरीत एकेकीला खोलीत बोलावलं.

“तुमची जागा कोणती?”

“मी कशी सांगू साहेब? बाजूवालीले विचारा.”

बाजूवाली बंद दाराबाहेर. सकाळभर हेच चाललं. दुपारी साहेबांनी जाहीर केलं की जागांवर कोणाचाच दावा नाही.

मी आत शिरले. म्हटलं, बाजारात चला आणि तिथे विचारा. साहेब म्हणाले, तशी तरतूद नाही. मग आम्ही टोपल्यांसकट व्हरांड्यातच बसलो. सुके बोंबील पंख्याखाली आल्यावर तरतूद सापडली.

बाजारात आईची पाळी आली. तिच्या एका बाजूला पूल, दुसऱ्या बाजूला बोंबीलवाली मावशी. आई सांबारावर पाणी शिंपडते, ते बोंबलांवर उडतं. त्यावरून दोघींचं बोलणं कैक वर्षं बंद. टोमणे मात्र रोज, हवेला उद्देशून. मावशी नुसती ‘नाही’ म्हणाली असती तर आईचा ओटा गेला असता आणि तिला ऐसपैस जागा झाली असती.

“इथे कोण बसतं?” साहेबांनी विचारलं.

मावशीने बोंबलांवरचं पाणी झटकलं. आई पुलाकडे बघत होती.

“हेच बसते,” मावशी म्हणाली. “हिची सासूबी इथंच बसे. तेबी असंच पाणी उडवे.”

“नक्की?”

“काहून, मी खोटं बोलून राहिली का? लिहा. अन् ओटे बांधाल तं मधात भित घाला.”

साहेबांनी लिहून घेतलं. आई वळली आणि थेट मावशीशी बोलली.

“भितीवरूनबी उडते वं पाणी.”