चिखल काढायची काडी

दोन वर्षांपूर्वीची शर्यत मी चिखलात हरलो. मागच्या वर्षीची कशात हरलो, ते सांगायला हे लिहितोय.

आधी चिखलाचं. जालन्याच्या बाहेर एका नांगरलेल्या रानातून शर्यतीची वाट काढली होती. आदल्या दिवशी पाऊस झालेला. तिसऱ्या चकरीला माझी सायकल जागेवर उभी राहिली. उभी म्हणजे खरोखर उभी. मी दोन्ही हात सोडले तरी ती पडली नाही. काळी माती चाकाला गुंडाळत जाते, चाक धरणाऱ्या चिमट्यात ठासून बसते, आणि मग चाक फिरत नाही. मी ती ओढत नेली. ओढणाऱ्याला नंबर मिळत नाही.

सायक्लोक्रॉस म्हणजे काय, हे गावात अजून मला पटवून देता आलेलं नाही. रानातून, बांधावरून, गवतातून आखलेली गोल वाट असते. ठरलेल्या वेळात तिच्यावर चकरा मारायच्या. जिथं सायकल चालत नाही तिथं उतरायचं, ती खांद्यावर घ्यायची आणि पळायचं. माझ्या मायनं विचारलं होतं, "म्हंजे सायकल असून पायी?"

"हो."

"मंग ते तर आमी जन्मभर करून राह्यलो. आमाला कुनी कप दिला न्हाई."

मी घरातला पहिला पदवीधर. बी.एस्सी., पहिला वर्ग. हे मी मिरवतो आणि मिरवणार. ज्या घरात रेशन कार्डावरची नावं शेजाऱ्याकडून वाचून घेत, त्या घरात हे मिरवायचंच असतं. तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवतो. शिकल्यानं माझ्या बऱ्याच सवयी गेल्या, पण घरातली एक सवय गेली नाही, उलट पक्की झाली. कुणी काही फुकट देऊ लागलं की मी ते उलटं करून बघतो. माय म्हणायची, फुकट शिकवायला येतो त्याच्या पायाकडं बघावं, तो कुठून आला आन् कुठं चालला.

मागच्या वर्षी जून महिन्यात आबा माझ्याकडं आले. आबा म्हणजे आमच्या भागाचे जुने पोस्टमन. पिंपळगाव रेणुकाईच्या अंगाला आमचं गाव. या पट्ट्यातल्या सहा-सात गावांची डाक त्यांनी सगळी नोकरी सायकलवर वाटली. माझ्या नेमणुकीचं पत्रही त्यांनीच आणलं होतं. मी घरी नव्हतो तर दोन तास ओट्यावर बसून राहिले, पण पाकीट माझ्याच हातात दिलं. आता पेन्शनीत आहेत. सायकल तीच आहे, काळी, मडगार्ड काढून टाकलेली.

मी नुकताच रस्त्यावरून आलो होतो, घाम पुसत होतो.

"किती झाली?" आबा म्हणाले.

"साठ."

"साठ काय?"

"किलोमीटर."

"डांबरावर?"

"हो."

"मंग डांबरावर हरला होता का?"

मी घाम पुसत राहिलो. राग आला होता.

"पाऊस पडून गेला का दुपारी माझ्या वावरात ये," ते म्हणाले. "सायकल आन. पन तिच्यावर बसून येऊ नको."

आता यात संशय घेण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. सांगतो. आबांच्या बहिणीचा मुलगा भोकरदनला मोबाईलच्या दुकानात बसतो आणि तोही याच शर्यतीत उतरतो. जिल्ह्यातून राज्याच्या शर्यतीला एकच जण जातो. आपल्या जिल्ह्यातून जाण्याची माझी शेवटची संधी मागच्या वर्षीच होती. यंदा मी वयानं पुढच्या गटात गेलो आणि त्या गटाची शर्यत आपल्या जिल्ह्यात होतच नाही. म्हणजे जागा एक. मामाला भाचा आहे. आणि मामा मला शिकवायला येतो, न बोलावता. मी त्यांच्या पायाकडं बघितलं. गेलो मात्र. कारण डांबरावर मी हरलो नव्हतो, हे खरंच होतं.

माझी तयारी तिथून पालटली. आठवड्यात सहा दिवस रस्ता होता, तो दोन दिवसांवर आला. उरलेले दिवस वावर. या बांधापासून त्या बांधापर्यंत सायकल न्यायची, सोडायची, परत न्यायची. आबा बांधावर पोत्याची घडी टाकून बसत आणि तिथून बोलत.

"अडकल्यावर उतरला. अडकायच्या आधी उतर."

"आधी कसं कळणार?"

"आवाज पालटतो ना. ऐक."

"खाली कामून बघतो? चिखल कुठं पळून चालला का?"

गावाला तर बसल्या जागी तमाशा मिळाला. मी सायकल खांद्यावर घेऊन वावरातून निघालो की रस्त्यावरचा प्रत्येक माणूस थांबे. "पंक्चर झाली का, मास्तर?" न्हाई म्हटलं की, "मंग ती तुमच्यावर कामून बसली?" शाळेतली पोरंही विचारू लागली. आबा तेवढे कधी हे विचारत नसत. ते विचारत, "कोणता खांदा दुखतो?" दोन्ही म्हटलं की म्हणत, "मंग बराबर हाय."

पण माझं मन काही खाली बसेना. मी घरी येऊन सगळं तपासत होतो. आबा म्हणाले, चाकातली हवा कमी कर, अंगठा दाबला का आत गेला पायजे. मी मीटर लावून मोजलं, मोबाईलवर चार ठिकाणी वाचलं. आकडा बरोबर निघाला. त्याचं बरं वाटावं ना? मला वाटलं, हवेचं खरं सांगितलं, म्हणजे खोटं दुसऱ्या कशात तरी असणार. पळण्याच्या ऐवजी ते मला चिखलात लांब पावलांनी चालायला लावत. मी घड्याळ लावून दोन्ही करून बघितलं. चालणं थोडं हळू होतं, पण चौथ्या चकरीनंतर पळणारा मी संपत होतो आणि चालणारा मी संपत नव्हतो. हेही खरं निघालं. मी आणखी खोल शोधू लागलो.

आणि एका रविवारी सकाळी जे दिसायचं ते दिसलं. सायकल माझ्या खांद्यावर, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि समोरच्या डांबरी रस्त्यावरून आबांचा भाचा वाऱ्यासारखा गेला. खाली वाकून, स्वच्छ कपड्यांत. पुढच्या रविवारीही तसंच.

श्रावणात तो गावात आला तेव्हा मी त्याला चहाच्या टपरीवर गाठलं.

"मामा तुला काय शिकवतेत?"

"मला?" तो हसला. "मला म्हनतेत तू नुसता डांबरावर पळ. चिखलात पाय घालू नको."

"असं स्पष्ट म्हणाले?"

"हाव. तुला काय सांगतेत?"

"हेच," मी म्हणालो.

घरी येताना माझे कान तापले होते. मला चिखलात चालवायचं आणि आपल्या रक्ताच्या माणसाला रस्त्यावर पळवायचं. आता आणखी काय पुरावा पाहिजे? पण सोडून देण्याचीही छाती नव्हती, कारण वावरातली माझी वेळ दर आठवड्याला सुधारत होती. म्हणून मी जात राहिलो, शिकत राहिलो, आणि आबांच्या प्रत्येक शब्दामागं दुसरा शब्द शोधत राहिलो. असं शिकणं फार थकवणारं असतं. चिखलापेक्षा जास्त.

शर्यत पोळ्यानंतरच्या रविवारी होती. एकच पिकअप ठरवला होता. उजाडताना आबा आले, हातात एक काडी. बाभळीची, वीतभर, एक टोक पटाशीसारखं चपटं केलेलं. पावसाळ्यात आमच्याकडं सायकलवाले अशी काडी बाळगायचे, चिमट्यातला चिखल काढायला. आबांनी ती माझ्या सीटखाली सुतळीनं बांधली, ओढून दोनदा बघितली.

"दर चकरीला नांगरट सोडून मुरमावर आला का थांब," ते म्हणाले. "पुढं दोन टोचे, मागं दोन टोचे. जल्दी करू नको. थांबल्यानं नुकसान न्हाई."

"शर्यतीत थांबायचं?"

"चाक थांबवन्यापेक्षा आपन थांबावं."

पिकअपमध्ये दोन सायकली आडव्या टाकल्या. मी बघितलं. भाच्याच्या सायकलीला काडी नव्हती.

मैदानावर पोहोचल्यावर नियमांचा कागद मिळाला, इंग्रजीत. माझ्या आसपास तो वाचणारा मी एकटाच होतो. घरच्यांच्या पिढ्या न वाचता अंगठे लावत आल्या, म्हणून मी कोणताही कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. मधे कुठंतरी लिहिलं होतं की दुसऱ्या खेळाडूला इजा होईल अशी कोणतीही वस्तू सायकलीला नसावी. मी ते तीनदा वाचलं. मग सीटखालच्या चपट्या टोकाकडं बघितलं. तीन महिन्यांत जे सापडत नव्हतं ते सापडलं असं मला वाटलं. चांगलं शिकवायचं, विश्वास बसवायचा, आणि शेवटी सीटखाली असं काही बांधायचं की पंचच बाहेर काढतील. भाच्याची सायकल मोकळी.

पंचांना विचारता आलं असतं. ते दहा पावलांवर उभे होते. पण "साहेब, ही काडी चालते का?" असं चारचौघांत विचारणारा खेड्यातला मास्तर मला व्हायचं नव्हतं. मी पंक्चरच्या पिशवीतलं ब्लेड काढलं, सुतळी कापली आणि काडी पिकअपमागच्या गाजरगवतात फेकून दिली. फार हलकं वाटलं.

मग आम्ही ओळीत उभे राहिलो. भाचा माझ्यापासून दोन जण सोडून. त्याच्या सीटखाली कळकाची एक कच्ची चिपटी होती, मंडपाच्या बांबूची ताजी तासलेली, तसल्याच सुतळीनं बांधलेली. पंच एकेकाचे ब्रेक दाबत आले. त्याची चिपटी बघून म्हणाले, "टोक बाहेर येऊ देऊ नका," आणि पुढं गेले. माझ्याकडं आले, ब्रेक दाबले, ठीक म्हणाले. शिट्टी झाली.

पहिल्या तीन चकरा मी पुढं होतो. आबांनी शिकवलेलं सगळं अंगात होतं. आवाज पालटला की उतरत होतो, मान सरळ, लांब पावलं. नांगरटीत बाकीचे सायकलीशी झुंजत होते आणि मी चालत त्यांना मागं टाकत होतो. पण खांद्यावर घेतली तरी थोडी माती बसतेच, आणि ती साठत जाते. मुरमावर आलो की माझा हात आपोआप सीटखाली जाई आणि मोकळा परत येई. चौथ्या चकरीला मागचं चाक घासू लागलं. पाचव्या चकरीला मी मुरमावर बसून बोटांनी चिखल उपसत होतो. नख उलटलं. भाचा आला, माझ्याच शेजारी थांबला, चार टोचे मारले. निघता निघता त्यानं माझ्या सीटखाली बघितलं.

"मास्तर, काडी?"

मी बोटांनी उपसत राहिलो. तो गेला.

मी तिसरा आलो. जागा भाच्याला मिळाली.

आबा पाण्याचा तांब्या घेऊन आले. माझी बोटं बघितली, मग सीटखाली बघितलं.

"काडी?"

"पडली," मी म्हणालो.

"कुठं?"

"वाटेत कुठंतरी."

"पडली म्हनता." त्यांनी सीटखाली हात घालून बघितलं. "दोन गाठी मारल्त्या मी."

मग तांब्या माझ्या हातात दिला आणि शर्यतीच्या वाटेवर उतरले. धोतर एका हातात धरून, मान खाली घालून, नांगरटीतून ते हळूहळू चालू लागले. मला खाली बघू नको म्हणणारा माणूस पावलापावलाला खाली बघत होता.

भाचा नळाखाली पाय धूत होता. "आता मामा येत न्हाई जल्दी," तो म्हणाला. "ती त्याची नोकरीतली काडी हाय. मला कधी हात लावू दिला न्हाई. आज तुला दिली तर मी म्हनलं मला काय, तर मंडपवाल्याकडून बांबू मागून आनला."

मी विचारलंच. "तुला डांबरावर कामून पळवलं मग?"

"चिखल मला लहानपनीच शिकून झाला. सुट्ट्यांत मामाच्या मागं डाकेची थैली धरून हिंडायचो. दम न्हाई माझ्यात, बसून बसून गेला. म्हनून डांबर."

मी पिकअपमागं गेलो. गाजरगवतात काडी लगेच सापडली. हातात नीट घेतल्यावर दिसलं, मधोमध अंगठ्याच्या जागी ती झिजून खोलगट झाली होती. नांगरटीत जाऊन मी ती आबांना दिली. आबांनी काडी उलटी केली. सुतळी अजून तिला चिकटून होती. त्यांनी गाठींवरून बोट फिरवलं, मग कापलेल्या टोकावरून.

"गाठी शाबूत हायेत," ते म्हणाले, आणि काडी सदऱ्याच्या खिशात घातली.

यंदा माझ्या गटाची शर्यत शेजारच्या जिल्ह्यात आहे म्हणतात. तयारी मी तशीच करतोय, दोन दिवस रस्ता, बाकी वावर. आता आबांच्या नाही, दुसऱ्याच्या वावरात जातो. बाभळीची काडी मी स्वतः तासून बघितली, तीन तुटल्या, चौथी बरी आहे. परवा पाऊस उघडल्यावर सायकल खांद्यावर घेऊन बांधावर चढत होतो तर रस्त्यानं आबा चालले होते, त्यांच्या काळ्या सायकलवर. मला बघून त्यांनी वेग थोडा कमी केला.

"पंक्चर झाली का, मास्तर?"

"न्हाई, आबा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि ते पुढं गेले.