झेंडेमास्तरांचा मेंढा

दोरीवर वाळत घातलेलं लुगडं कुठल्या देशाच्या झेंड्यासारखं दिसतं, हे मोठ्यानं सांगणाऱ्या माणसानं एरवी मार खाल्ला असता. आमचे झेंडेमास्तर मात्र आष्टीत सगळ्यांचे लाडके. शाळेत ते भूगोल शिकवत आणि मी चित्रकला. त्यामुळे वर्गात लावायच्या त्यांच्या देशोदेशीच्या झेंड्यांचं रंगकाम कायम माझ्याच गळ्यात पडे.

ब्याऐंशी साली फॉकलंड बेटांची लढाई पेपरात आली आणि मास्तरांना तिथला झेंडा सापडला. इंग्रजांच्या निळ्या झेंड्यावर चक्क मेंढा! मास्तर मेंढपाळाच्या घरचे. त्यांचे वडील, ज्यांना सारा गाव बा म्हणे, अजून मेंढरं राखत. मग काय, त्या झेंड्याची सगळी कुळकथा आम्हाला चहासोबत पाजली गेली. त्यावर आधी बैल होता, मग समुद्रसिंह आला, शेवटी मेंढ्यानं जागा पटकावली. "मेंढरावर जगून राह्यले ते लोक, मंग मेंढाच पाहिजे," मास्तर म्हणत.

पुढं बाजारतळाला नवी कमान झाली आणि तिच्यावर बैल काढायचं ठरलं. मास्तर पेटले. बांची हयात याच बाजारात मेंढरं विकण्यात गेली होती. नजर पुरती जाण्याआधी त्यांना कमानीवर आपलं जनावर दिसावं, एवढंच मास्तरांना हवं होतं. ग्रामसभेत त्यांनी बेटांचा सगळा इतिहास ऐकवला. सरपंचांनी शांतपणे विचारलं, "म्हंजे आज मेंढा आला की उद्या आमचा बैल जाणार?"

मास्तरांना खोटं बोलता येत नसे. "तिकडं तर गेला," ते म्हणाले.

सभा हसून लोटपोट झाली आणि त्या हसण्यातच एका खांबावर बैल, दुसऱ्यावर मेंढा असं ठरून गेलं.

मास्तरांच्या हट्टानं मी झेंड्यावरचा मेंढा हुबेहूब उतरवला. पांढराशुभ्र, डोळ्यांपर्यंत लोकरीनं भरलेला. मास्तर बांना हाताला धरून घेऊन आले. बा बराच वेळ बघत राहिले.

"जनावर चांगलं हाय," ते म्हणाले, "पण आपलं न्हाई. आपल्या कळपात असं कधी जल्मलं का?"

मास्तरांचा चेहरा पडला. मला फार वाईट वाटलं. मग मास्तरांनी माझ्याकडून काळा रंग मागून घेतला आणि स्वतः ब्रश धरला. बा सांगत गेले, मास्तर रंगवत गेले: लोकर कमी, नाक बाकदार, कान लोंबते. चित्र म्हणून ते भयंकर झालं. बांनी मात्र पुढं होऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तळवा काळा झाला तरी बाजूला घेतला नाही.

आता बा नाहीत, मास्तरही नाहीत. कमान रंगवायला निघाली की नवा पेंटर मला विचारतो, "सर, हे जनावर नीट काढू का?"

मी म्हणतो, "बराबर हाय ते. आहे त्यावरच रंग चढव."