दादांची पाटी आणि मॅडमचा कॉम्प्युटर

माझे वडील, दादा, वारले त्या आठवड्यात आमच्या घरात सगळ्यांत जास्त मान मिळाला तो कॉम्प्युटरला.

तो माझा नव्हताच. डेंगी गावागावांतून कसा पसरतो याचं गणित मांडायचं, हे माझं पीएचडीचं काम. ते सोडवणारं यंत्र ना माझ्या कॉलेजात, ना आमच्या कासारसाईच्या घरात. लवळ्याच्या विद्यापीठातल्या एक मॅडम लहान कॉलेजांतल्या मुलांना आपणहून मदत करायच्या. त्यांनीच आपल्या विभागातला जुना कॉम्प्युटर मागून मला दिला. गणित लावलं की तो दिवसचे दिवस चालायचा, मधे थांबला की पुन्हा पहिल्यापासून! म्हणून दादांनी (ते हिंजवडीत एका कंपनीच्या गेटवर होते, पाट्या लावायची सवय) त्यावर लाल अक्षरांत चिकटवलं : 'कोणीही बंद करू नये. हुकुमावरून.'

असंच एक गणित चालू असताना दादांच्या छातीत कळ आली, आणि दवाखान्यात पोचायच्या आधीच ते गेले.

माणसं यायला लागली. मी कोपऱ्यात बसून. डोळ्यांत पाणी येईना. पोरगी रडत नाही म्हणून आत्या हवालदिल. आलेल्यांनी मात्र दादांच्या हातची पाटी वाचली, घरघरणारं यंत्र पाहिलं आणि ही त्यांची शेवटची इच्छा असणार असं ठरवून टाकलं. आत्यानं त्याच्यापुढे मेणबत्ती लावली. कुणी पांढरी फुलं वाहिली. पडद्यावर एक रेघ हळूहळू वर सरकत होती. शेजारच्या आबांनी हात जोडून ती बराच वेळ पाहिली आणि आईला धीर दिला, "वर चाललीया. म्हंजी चांगलंच हाय." (ती रेघ तापाच्या रोग्यांची होती.)

दादांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी सकाळी बुद्धवंदनेसाठी माइक आणला. भिंतीत प्लग एकच. चुलतभाऊ सूरजनं पाटी वाचली नव्हती असं नाही. त्याचं म्हणणं, पाटीवर बंद करू नका असं लिहिलंय, पिन काढू नका असं कुटं लिहिलंय?

पडदा काळा झाला आणि मी हंबरडा फोडला. सगळ्या घराचा जीव भांड्यात पडला. बायकांनी मला पोटाशी धरलं. आत्या ज्याला त्याला सांगत होती, "रडली एकदाची पोर." कॉम्प्युटरसाठी रडतेय, हे कुठल्या तोंडानं सांगणार?

दुपारी मॅडम भेटायला आल्या. दादांचं राहिलं बाजूला, मी आधी गणित गेल्याचं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. फुलं हलकेच सरकवून त्यांनी कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, गणिताचा मी लिहिलेला प्रोग्राम ओळीनं वाचत गेल्या आणि एका जागी थांबल्या.

"अगं, इथं वजा हवं होतं. ही रेघ जन्मात खाली आली नसती." मग हळूच म्हणाल्या, "बरं झालं, कुणीतरी बंद केलं."

मला हसू फुटलं. हे आधी दादांना सांगायला हवं म्हणून मी उठले, दारापर्यंत गेलेसुद्धा. तिथं उंबऱ्यावर जे रडू कोसळलं ते थांबेचना. पण तोवर पंगत बसली होती. वाढता वाढता आत्यानं लांबूनच पाहिलं आणि म्हणाली, "आता बास कर. सकाळी रडून झालंय तुजं."