बुडीत नकाशातली प्रश्नचिन्हं

वडिलांच्या संघटनेच्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर गणितं सोडवत मी मोठा झालो. छापील बाजूला जमिनीचा हक्क असायचा. शहापुरात नकाशे करणाऱ्या खासगी कार्यालयात मला नोकरी लागली तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "कुनाची जमीन पुसू नको रे."

धरणाच्या बुडीत क्षेत्राचा नकाशा करायचं काम आमच्याकडे होतं. माहिती सॉफ्टवेअरमध्ये घेतली, तर डोळखांबच्या डोंगरातल्या कित्येक पाड्यांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटली. ती नावं जुन्या मराठी फॉन्टात टाइप केलेली होती. नव्या सॉफ्टवेअरला तो वाचता येत नव्हता; त्याला युनिकोड हवं होतं.

"वाचता येत नाही त्या वस्त्या काढून टाक," वरिष्ठ म्हणाले. "इथली पद्धतच आहे ती."

"तिथं माणसं राहतात, साहेब."

"मग पाहणीवाल्यांना दिसतील की! तू काय आमदार लागून गेलास?"

मोबदला कुणाला द्यायचा ते ठरवणारी पाहणी होती दिवाळीनंतर. भात झोडून झालं की हे पाडे दाराला काट्या लावून, घरं बंद करून वीटभट्ट्यांवर मजुरीला जातात. नकाशात नाव नाही, दारात माणूस नाही. 'ओसाड' असा शेरा मारायला आणखी काय लागतं?

प्रश्नचिन्हांच्या प्रतीत काहीच उरलं नव्हतं. मूळ फाइलमध्ये मात्र अक्षरं वेड्यावाकड्या रोमन खुणांच्या रूपात जिवंत होती. कोणती खूण म्हणजे कोणतं अक्षर ते जुळवत, भरकटलेल्या वेलांट्या जागेवर आणत मी सगळी नावं युनिकोडमध्ये उतरवली. नवा नकाशा छापून धावत गेलो.

वरिष्ठ बशीत चहा ओतत होते. "अरे, त्या वस्त्या काढून पहिलाच नकाशा दिला मी. जीप गेलीसुद्धा."

मी एसटीने डोळखांब गाठलं आणि चढण चढू लागलो. खालच्या गावात घराघरावर मोबदल्याचे लाल आकडे रंगवले होते. वरच्या पाड्यात भिंती कोऱ्या होत्या. सगळीकडे काट्या. एकाच ओट्यावर एक म्हातारी नाचणी पाखडत होती.

"आजी, पाहणीवाले आले होते का?"

"जीप आली व्हती. तिकडं खालीच थांबली. मी हाका मारल्या, पन त्यांनी कागद बघितला न् गाडी फिरवली."

मी नकाशा पसरून नावावर बोट ठेवलं. "हा तुमचा पाडा."

"आमी हाव यात?"

"आता आहात."

"मंग त्यांना दाव ना रे. पोरं भट्टीवरनं येतील तवर घर ऱ्हायला पायजे."

मी वर पाहिलं. धरण भरल्यावर पाणी कुठवर येईल ते दाखवणारे पांढरे दगड तिच्या छपराच्या कितीतरी वर होते.