कडुनिंबाची परीक्षा

आमच्या गुरुग्रामच्या सोसायटीतल्या माळीबाबांना गुलाब छाटू नका म्हटलं, तर "बिल्कुल, मैडम" म्हणतात आणि गुलाब छाटतात. भिंतीलगत त्यांनी सर्पगंधा लावली आहे. साप चावला की आधी कडुनिंबाचा पाला चघळायला द्यायचा, हा त्यांचा नियम. गोड लागला तर विष चढलंय, मग दवाखाना गाठायचा. कडू लागला तर घाबरायचं कारण नाही, सर्पगंधेची मुळी उगाळून पाजली की झालं. दर पावसाळ्यात मी त्यांना बजावायची, "पहले अस्पताल, इंजेक्शन. जड़ी बाद में."

"बिल्कुल, मैडम."

यंदा गावी त्यांच्या बायकोलाच साप चावला. पाला कडू लागतोय असं ती म्हणाली, म्हणून त्यांनी मुळी पाजून तिला निजवलं. तिच्या पापण्या आपोआप मिटायला लागल्या तेव्हा जीप बोलावली. ती वाटेतच गेली.

परवा ते कामावर परतले. आळ्यात पाणी सोडता सोडता म्हणाले, "नीम झूठ नहीं बोलता, मैडम. उसी ने झूठ बोला होगा. सुई से बहुत डरती थी."