पेज सांडून निवडलेली फरशी

माझ्या आत्यावर अन्याय झाला. कधी झाला तेही सांगते. दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी साडेअकराच्या सुमाराला, चंद्रपूरच्या एका टाइल्सच्या दुकानासमोर, ती ऑटोत बसलेली असताना. अन्याय करणारे दोघे होते. एक दुकानदार. दुसरी मी.

आधी आत्याविषयी. माझ्या बापाची मोठी बहीण, वय पंचावन्नच्या पुढे. लहानपणी ताप आला आणि तिचे पाय गेले. म्हणजे पाय आहेत, पण तिला उभं करत नाहीत. घरात ती बसूनच फिरते. दोन्ही तळवे पुढे टेकवते, त्यांच्यावर अंग उचलते, पुढे ठेवते, पुन्हा तळवे. अशी ती चुलीपाशी जाते, मोरीत जाते, अंगणात तांदूळ पाखडायला जाते. तिला मिळालेली तीनचाकी सायकल दाराशी उभी असते आणि तिच्यावर आमचे कपडे वाळतात, कारण आमच्या गल्लीत ती वळतच नाही. तेव्हा आत्याचा रस्ता म्हणजे घरातली जमीन. दुसरा नाही.

मूल शहराजवळच्या आमच्या गावात ही जमीन आजवर मातीची होती, शेणानं सारवलेली. सारवायचीही आत्याच. यंदा दोन खोल्यांचं पक्कं घर उभं राहिलं. भिंती झाल्या, स्लॅब पडला आणि हात आखडता घ्यायची वेळ आली ती नेमकी फरशीपाशी. स्वस्त हवी आणि टिकणारी हवी. घरात शिकलेली मी. तालुक्याला निवेदनं देणारी, पत्रकं लिहिणारी आणि वाटणारी मी. म्हणून बापानं हे काम माझ्यावर टाकलं. आत्या म्हणाली, "मले बी ने." मी नेलं. हा माझा मोठेपणा असं मला तेव्हा वाटत होतं.

दुकानाला तीन उंच पायऱ्या होत्या. दुकानदार बाहेर येऊन म्हणाला, "मावशीले ऑटोतच बसू द्या ताई, कायले तकलीफ. मी इथीच सॅम्पल दाखवतो." बोलणं गोड होतं. मी आत गेले.

तुम्ही कधी पाहिलंय का, फरशी विकणाऱ्या दुकानात सगळी फरशी भिंतीवर असते. उभी, दिव्याखाली, देवाच्या फोटोसारखी. जी वस्तू आयुष्यभर पायाखाली राहणार ती निवडायची मान वर करून. त्या सोमवारी मला यात काही खटकलं नाही. मला एक पांढरी, काचेसारखी चकचकीत टाइल आवडली. लॉट संपत आला म्हणून भावही उतरवलेला. मी त्या टाइलमध्ये स्वतःचं तोंड पाहिलं आणि खूश झाले.

दुकानदारानं एक टाइल उचलून ऑटोपाशी नेली आणि आरशासारखी आत्यासमोर धरली. आत्यानं हात पुढे केला, तळवा फिरवला, थांबली. म्हणाली, "हे धरत नाई."

"काय धरत नाई मावशी?"

"हात धरत नाई."

तो हसला. "मावशी, टाइल डोयानं पाहाची राह्यते. हातानं नाई."

आणि मी, हक्कांवर पत्रक लिहिणारी मी, काय बोलले? म्हणाले, "आत्या, तू गप ना. मी पाहून राह्यली ना."

ती गप बसली. आम्ही घरी निघालो. नमुन्याच्या चार टाइल्स माझ्या मांडीवर होत्या.

संध्याकाळी मी त्या अंगणात एकाला एक लावून मांडल्या, बापाला दाखवायला. बाप म्हणाला, "वा, दवाखान्यावानी दिसते." आत्या चुलीपाशी होती. पेजेचं भांडं पुढे सरकवत आली. आमच्याकडे भाताची पातळ पेज रोजची, सकाळी न्याहारीला आणि दुखलं खुपलं तर रात्रीही. तिनं ओंजळभर पेज टाइल्सवर ओतली.

"काऊन सांडून राह्यली व?" बाप म्हणाला.

"पाण्यानं काय समजते? पाणी निघून जाते. पेज थांबते," ती म्हणाली. "माह्या घरात पाणी सांडते तवा पेज बी सांडते."

मग ती टाइल्सवर चढली, तळवे टेकवले आणि अंग उचललं. उजवा हात निसटला. कोपरावर आदळली. आवाज मी ऐकला आणि अजून विसरले नाही. बाप धावला. तिनं हातानंच त्याला थांबवलं, उठून बसली, कोपर पदरानं पुसलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "घर तुमचं पक्कं होईन. माहं कच्चं होईन. मोरीत जाचं तर तुले हाक माराव लागन. तू मोर्च्यात असशीन तं?"

तेव्हा मला कळलं, आपण दुकानात फरशी पाहत नव्हतो. एक बाई यापुढे आपल्या घरात स्वतःच्या मनानं हलणार की उचलून नेली जाणार, हे ठरवत होतो. आणि तिलाच गप केलं होतं. मी माफी मागितली. ती म्हणाली, "माफी राहू दे. मले सगळे दगड दाखव."

आमचे मिस्त्री चंद्रपूरचे. साठीच्या पुढचे, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. ऊर्जानगरच्या, म्हणजे वीज केंद्राच्या वसाहतीतल्या, क्वार्टरांमध्ये त्यांनी अर्धं आयुष्य फरश्या बसवण्यात घातलेलं. त्यांना सगळं सांगितलं तर त्यांनी माझ्याऐवजी आत्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही पेज घ्या. बाकी मी पाहून घेतो."

चाचांनी त्यांच्या ओळखीच्या मालवाहू ऑटोतून आम्हाला शहराबाहेरच्या दगडाच्या यार्डात नेलं. तिथं कोरपना तालुक्यातून आणि तेलंगणातून फरश्यांचे ट्रक उतरतात. लाद्या एकमेकींना टेकून उभ्या होत्या, शेकडो. चाचांनी मालकाला सांगून त्यातल्या काही जमिनीवर आडव्या टाकायला लावल्या. काळा गुळगुळीत कडप्पा, हिरवट कोटा, शहाबादी पॉलिशची, शहाबादी बिनपॉलिशची. शेवटी खडबडीत टाइलचे दोन तुकडे, कोणाच्या तरी कामातून उरलेले.

आत्या ऑटोतून उतरली. हातात रबरी चपला घालून धुळीतून सरकत आली, पहिल्या लादीशी चपला काढून ठेवल्या आणि कामाला लागली.

जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहायचा प्रयत्न करते, कारण मला आजही त्याचा अचंबा वाटतो. तिनं आधी डोळे मिटले. कोरडा तळवा ठेवला, पूर्ण, बोटं पसरून, आणि तसाच ठेवला. मग बोटांच्या पेरांनी कडा चाचपल्या. मग अंगठ्याच्या नखानं टिचकी मारून ऐकलं. मग पेज. मग अंग उचलून पाहिलं. प्रत्येक लादीवर हेच, घाई नाही. कडप्प्यावर म्हणाली, "हा उन्हायात चटका देईन." कोट्यावर, "चांगला हाये, पन पॉलिशनं बिघडोला." खडबडीत टाइलवर, "हे धरते, पन कातडी खाते. महिन्याभरात तळवे सोलून निघन." एका लादीला टिचकी मारून म्हणाली, "इच्यात पोकळ हाये." चाचांनी ती उलटी केली. मागच्या बाजूला थराला केसासारखी चीर गेलेली. चाचांनी मालकाकडे पाहिलं, मालकानं दुसरीकडे.

लाद्या उतरवणारी माणसं काम थांबवून उभी राहिली. कोणी हसलं नाही.

बिनपॉलिशच्या शहाबादीवर ती जास्त वेळ थांबली. तळवा पुढे नेला, मागे आणला, पुन्हा पुढे. मग म्हणाली, "चाचा, हा दगड एका अंगानं सोडते आन एका अंगानं धरते."

चाचा उकिडवे बसले. त्यांनी हात फिरवला. काही लागलं नाही असं त्यांच्या तोंडावरून दिसलं. खिशातला चष्मा काढून घातला, लादी उन्हाकडे तिरपी केली. तेव्हा मलाही दिसलं. दगडावर अगदी बारीक लहरी होत्या, एकामागे एक, तळ्याच्या काठच्या ओल्या वाळूवर उमटतात तशा. चाचा कितीतरी वेळ पाहत राहिले.

"चाळीस साल झाले मले या कामात," ते म्हणाले. "दगडाले रुख असते, एक दिशा असते, हे माहीत होतं. हातानं कोणी सांगितलं नवतं."

मी कॉलेजात शिकले होते की आपल्या या भागात माणूस, वाघ, साग काहीच नव्हतं तेव्हा समुद्र होता आणि हा दगड त्याच्या तळाशी बसला. परीक्षेत लिहून विसरलेही होते. आता माझी आत्या त्याच गाळावर बसली होती, हाताला पेज लागलेली, आणि त्या लहरी कुठून कुठं गेल्या ते तळव्यानं मला सांगत होती.  मी तिला समुद्राचं सांगितलं.

"असन," ती म्हणाली. "पन मोरीकडं जातानी आडवा बसवाचा हा. लांबा नाई, लांबा सोडते."

भाव विचारला तर ही लादी माझ्या चकचकीत टाइलपेक्षा स्वस्त निघाली. घासाई कमी, पॉलिश नाही, म्हणून. मालक मात्र इमानदारीनं बोलला. "ताई, हे तेल पिते, हयद पिते. डाग पडन. मंग मले बोलू नका."

आत्यानं उत्तर दिलं, "डाग पडू दे. डागावरून माणूस पडत नाई."

यार्डातले सगळे हसले, मालकसुद्धा.

चाचांनी स्वयंपाकाच्या खोलीत आणि तिथून मोरीपर्यंत ती शहाबादी घातली, रुख आडवा ठेवून. पुढच्या खोलीत परवडेना म्हणून सिमेंटचा कोबा. त्याची शेवटची घोटाई चाललेली असताना आत्या दारात बसून चाचांना सांगत होती, "लय गुळगुळीत नका करू. लग्नाची नवरी नाई ते." सांध्यांवर तर तिनं त्यांचा जीव खाल्ला. दोन लाद्यांमध्ये नखाएवढीही कड वर राहिली की "इथी टोचते". चाचा उखडायचे आणि पुन्हा बसवायचे. एकदा म्हणाले, "बाई, साहेबाच्या बंगल्यात इतकं नाई केलं मी." ती म्हणाली, "साहेब बसून चालत नसन." खोली आणि मोरी यांच्यामध्ये उंबरा टाकायचा रिवाज, तिनं तो टाकू दिला नाही, तिथं हलका ढाळ करून घेतला.

त्या चार टाइल्स परत द्यायला मी एकटी गेले. दुकानदाराला कोपराची गोष्ट सांगितली आणि विचारलं, तुमच्या दुकानात एक तरी टाइल जमिनीवर का ठेवत नाही? तो म्हणाला, "ताई, गिऱ्हाईक मागतच नाई." मला भांडायचं होतं, तोंडात सगळं तयार होतं. पण त्याचं खरं होतं. मीही मागितलं नव्हतं. मी चार टाइल्स त्याच्या टेबलावर ठेवल्या आणि पायऱ्या उतरले.

फरशी पाणी मारून मुरल्यावर आम्ही राहायला गेलो. पहिल्याच सकाळी आत्यानं चुलीवरून पेज उतरवली आणि भांडं कलंडलं. मुद्दाम कलंडवलं असं बाप म्हणतो, ती कबूल करत नाही. पेज लाद्यांवर पसरली. मी उठणार तेवढ्यात तिनं तळवे टेकवले. ओल्या दगडावर अंग उचललं, पुढे ठेवलं. पुन्हा उचललं. न थांबता, कोणाकडे न पाहता ती त्या सांडलेल्या पेजेतून मोरीपर्यंत गेली, ढाळ उतरली, आतून कडी लावली. पाणी ओतल्याचा आवाज आला.  मी कितीतरी मोर्चे पाहिले आहेत, हजार माणसांच्या घोषणा ऐकल्या आहेत. त्या कडीच्या आवाजाइतकी ठाम घोषणा त्यांत एकही नव्हती.

मी यावर पत्रक काढणार म्हटल्यावर तिनं बजावलं, "माही फोटू नको टाकू. लोकाईनं काय कराचं ते लिही."

लिहिते. घरी फरशी घालणार असाल तर आधी शोधा, तुमच्या घरात जमिनीच्या सगळ्यांत जवळ कोण राहतं. रांगणारं मूल असेल, खाली बसून भाजी चिरणारी आई असेल, काठीनं चाचपत चालणारं म्हातारं माणूस असेल. त्यांना दुकानात न्या. पायऱ्या असतील तर दुकानदाराला बाहेर बोलवा आणि नमुना भिंतीवरून काढून जमिनीवर टाकायला लावा. घरात जे सांडतं ते त्यावर सांडा. त्या माणसाला त्यावरून जाऊ द्या, पाहिजे तितका वेळ. आणि ते हो म्हणेपर्यंत एक लादीही उचलू नका.